डाव्या बाजूची चीर

गुरुवारी, चौदा ऑगस्टला, सकाळी दहा वाजून अठरा मिनिटांनी क्लिनिकमधून फोन आला. बोलणं दोन मिनिटं चाललं. दहा वाजून एकवीस मिनिटांनी प्रबोधनं जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या पांढऱ्या कॅम्ब्रिकला कमरेच्या रेषेपासून खाली नऊ इंच चीर दिली. सरळ, एका दमात. ती चुकीच्या जागी दिली गेली हे त्याच्या लक्षात यायला अजून साडेचार तास होते. त्या क्षणी त्याला एवढंच जाणवलं की कात्री आज फार छान चालते आहे.

फोनवरच्या बाईंनी नाव सांगितलं होतं, ते तो लगेच विसरला. डॉक्टरांची सही झाली, त्या म्हणाल्या. समुद्रावरच्या नोकरीसाठी कायमचे अनफिट. सविस्तर मेल येईल, अपील करायचं असल्यास चौदा दिवस आहेत. तो "ओके, थँक यू" म्हणाला, तेव्हा पलीकडच्या बाई अडखळल्या. या ठिकाणी लोक बहुधा आभार मानत नसावेत. "यू ऑलराइट, सर?" त्यांनी विचारलं. तो ऑलराइट होता. इतका, की त्याचीच त्याला शंका आली. चीर देऊन झाल्यावर त्यानं चपला काढून अनवाणी पाय फरशीवर ठेवले आणि थोडा वेळ नुसता उभा राहिला. सव्वीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढल्यावर तळव्यांना एक सवय लागते. रजेवर घरी आलं तरी फरशीखालून कुठून तरी बारीक थरथर येत राहते, आणि पुढच्या जहाजाची तारीख जवळ आली की ती वाढते. एकोणीस तारखेला त्याला चीफ इंजिनियर म्हणून जहाजावर चढायचं होतं. काल झोपताना पोटऱ्यांपर्यंत थरथर होती. आता क्लेमेंटीतल्या त्याच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटची ही फरशी नुसती फरशी होती. गार, चौकोनी, थोडी चिकट. खाली बस थांबली, दार उघडल्याचा फुसकारा आला, बस गेली. प्रबोधनं लगेच कात्री उचलली नाही. आधी चिरलेल्या कडा बोटांनी जुळवून पाहिल्या, मग पट्टी कापायला घेतली.

तो जे शिवत होता त्याला घरात तीन नावं होती. शिवणाच्या छापील नकाशावर पेटिकोट लिहिलं होतं, साल एकोणीसशे सात. त्याची बायको अनघा त्याला मडमेचा परकर म्हणे. सोळा वर्षांची ऋचा म्हणे, बाबांचा प्रोजेक्ट. इथल्या मराठी मंडळींचं नाटक पुढच्या शनिवारी, तेवीस तारखेला होतं. एका जिल्ह्याच्या गावी नवा कलेक्टर येतो, त्याच्या मडमेला मराठी शिकवायला एक मास्तरीणबाई येतात, आणि दोघींपैकी कोण कोणाला काय शिकवतं, असं ते नाटक. अनघा मडम होती. तीन आठवड्यांपूर्वी तालमीहून येऊन तिनं पर्स सोफ्यावर टाकली आणि म्हणाली, "मी मडम वाटतच नाही. जुरोंग ईस्टला लॅपटॉप घेऊन मीटिंगला निघाल्यासारखी चालते, असं मीनल म्हणते." मीनल दिग्दर्शक होती. भाड्यानं आणलेला लांब स्कर्ट पायात लोंबत होता, त्याला आतून आधार नव्हता. "साडीचे तीन परकर घालते एकावर एक," अनघा म्हणाली. प्रबोध पेपर वाचत होता. तो म्हणाला, "तीन परकरांनी काही होणार नाही. घोळ खाली पाहिजे, कमरेला नको. मी शिवतो." मग ऋचानं इअरफोन काढून विचारलं, "वेट. बाबा कॅन स्यू?" आणि अनघानं, बावीस वर्षं लग्न झालेल्या बाईनं, ऋचाकडे बघून खांदे उडवले. तिलाही माहीत नव्हतं.

माहीत असायचं कारण नव्हतं. प्रबोधची आई, आशालताबाई, मिरजेला एका साडीच्या दुकानासाठी घरी परकर शिवत. दिवसाला आठ, सणाच्या आधी बारा. कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये कापायचं काम प्रबोधचं असे: पॉपलिनचे सहा थर एकावर एक, खडूची रेघ, मोठी कात्री. डावीकडे नऊ इंचांची चीर, तिला पट्टी, वर नेफा, नेफ्यात नाडी. पहिल्या जहाजाचा पहिला पगार आला त्या महिन्यात त्यानं आईला सांगितलं, आता मशीन विकून टाक. तिनं विकलं. मुलगा किती चांगला, असं सगळे म्हणाले, आणि तोही तसंच समजत राहिला. पुढे सुट्टीत घरी गेल्यावर एकदा त्यानं पाहिलं, आई शेजारणीच्या खिडकीचा पडदा बोटांत धरून त्याची शिवण न्याहाळत बसली होती. अनघाशी लग्न ठरलं तेव्हा आई नुसती आई होती, तिच्या कामाचं कुणी विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही. लपवलं असं नव्हे. विषयच निघाला नाही. पुष्कळ गोष्टींचे विषय निघत नाहीत, कारण जहाजावरचा माणूस घरी असतो तेव्हा सुट्टी असते, आणि सुट्टीत लोक चांगलं तेच बोलतात.

नकाशा त्यानं छत्तीस पानांवर छापून चिकटवला होता. पाच कळ्या: समोरची एक सपाट, बाजूच्या दोन, मागच्या दोन. समोर एकही चुणी नाही. सगळा घोळ मागे, नाडीनं आवळलेला. गुडघ्याखाली झालर, झालरीवर पाव इंचाच्या सात टिपा, म्हणजे आडव्या शिवलेल्या बारीक घड्या, दोन टिपांमध्ये लेस, आणि सगळ्यात खाली आणखी एक बारीक झालर, जी फक्त रस्त्यावरची धूळ झेलण्यासाठी असे. मूळ माप चोवीस इंची कमरेचं होतं. "चोवीस?" अनघा म्हणाली होती. "जेवत नव्हत्या का या बायका?" त्यानं ते चौतिसावर आणलं, कळीकळीत वाटून, कुठं किती वाढवलं याचं कोष्टक करून. अरब स्ट्रीटहून आणलेलं सात मीटर कापड आधी धुतलं, आटवलं, खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातलं. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी मान वर करून ते पांढरं लांबलचक काय आहे ते दोनदा पाहिलं. मशीन सेकंडहँड होतं. त्यानं ते पूर्ण उघडलं, तेल दिलं, पुन्हा जोडलं, आणि पहिली शिवण घातली तेव्हा सुईचा आवाज ऐकून त्याला कळलं की तीन आठवडे आपण या टेबलावर रोज सकाळी का येऊन बसतो. इथं मशीन बिघडलं तर मशीन बिघडायचं. बाकी काही नाही.

पट्टी लावताना त्याला मार्च आठवला. आठवला म्हणजे तो काही दूर गेलेला नव्हताच. अंदमानच्या पूर्वेला, दुपारी तीन चाळीस. खालच्या प्लॅटफॉर्मवरून शिडीनं वर येताना त्याचा उजवा हात कठड्यावर होता. त्यानंतर गाल लोखंडी पत्र्यावर होता. मधलं काही नव्हतं. अंधार नव्हता, आवाज नव्हता, मधला वेळच नव्हता. हातातला टॉर्च दोन मीटरवर घरंगळून पेटलेलाच होता. घड्याळात तीन एक्केचाळीस. तो उठला, टॉर्च उचलला, पंपाचा दाब पाहिला, वर गेला. कंट्रोलरूममध्ये थर्ड इंजिनियर हसून म्हणाला, "सर, झोपला होतात काय?" पत्र्यावरची शंकरपाळ्यांची नक्षी गालावर उमटली होती. प्रबोधही हसला. त्या दिवशीच्या लॉगमध्ये त्यानं तापमानं लिहिली, दाब लिहिले, तेलाची पातळी सेंटिमीटरमध्ये लिहिली. त्या एका मिनिटाबद्दल काही लिहिलं नाही. जहाजानं त्या मिनिटात साधारण चारशे मीटर अंतर कापलं असणार, हे त्यानं नंतर उगाचच काढून पाहिलं.

आणि मग जुलैमधला फॉर्म. दर दोन वर्षांनी भरायचा, नेहमीचा. आजपर्यंत प्रश्न न वाचता तो 'नाही'च्या रकान्यातून पेन वरून खाली ओढत आला होता. चौदावा प्रश्न: गेल्या बारा महिन्यांत कधी शुद्ध हरपली आहे का? पेन थांबलं. त्यानं 'हो'वर खूण केली. मग तपासण्या सुरू झाल्या. पट्ट्यावर पळवलं, छातीला तारा लावून चोवीस तास हिंडवलं, डोकं यंत्रात घालून पाहिलं. सगळं नॉर्मल आलं. तरुण चिनी डॉक्टरनं तीन वेगवेगळ्या दिवशी तोच प्रश्न विचारला: पडताना कुणी पाहिलं होतं? नाही. मग पाय घसरला असेल, डुलकी लागली असेल? डॉक्टर चांगला माणूस होता, तो दार उघडं ठेवत होता. तीन वेळा उघडं ठेवलं आणि तीनही वेळा प्रबोध म्हणाला, नाही, मला खात्री आहे. यात खोटं काही नव्हतं. प्रश्न तो नव्हता. दोन धातूंमधली फट मोजायला इंजिनियर पातळ पातं वापरतात. ते सरकवताना बोटाला किती जोर द्यायचा हे माणसावर असतं, आणि हवं ते माप मनात असलं की बोट थोडं दाबतं. माप खरंच असतं. बोटही दाबलेलं असतं. आपण खरं आहे म्हणून 'हो' लिहिलं, की हो लिहिलं तर जावं लागणार नाही म्हणून, हे त्याला महिनाभर उलटसुलट करूनही सांगता आलं नव्हतं. लिहिलं नसतं तर उद्या त्या शिडीवर तो एकटाच पडला असता असंही नाही, कारण इंजिनरूममध्ये चीफ चुकला की खाली काम करणारे सहा जण असतात. हे कारण पुरेसं होतं, सरळ होतं, कुणालाही सांगण्यासारखं होतं. तरी त्यानं अनघाला एवढंच सांगितलं, पन्नाशीनंतर जास्त तपासण्या करतात. चक्कर आल्याचंही सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर पुढचं सगळं ओघानं सांगावं लागलं असतं.

तीनला दहा मिनिटं कमी असताना ऋचा शाळेतून आली. दप्तर टाकलं, फ्रिज उघडला, बंद केला, टेबलाशी आली. एव्हाना कळ्या जोडून झाल्या होत्या, चिरेला पट्टी बसली होती, नेफा झाला होता. ऋचानं नकाशाचं पान उचललं, शिवलेल्याकडे पाहिलं, पुन्हा पान पाहिलं.

"बाबा, ड्रॉइंगमध्ये ओपनिंग बॅकला आहे. तू साइडला केलंस."

"काय?"

"सी. सेंटर बॅक. हिअर." तिनं बोट ठेवलं आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत पुढे म्हणाली, "इट्स ओके, लाह. स्कर्टच्या आत असतं, नोबडी विल सी वन."

प्रबोधनं पान हातात घेतलं. मागच्या दोन कळ्यांच्या मधोमध बाण होता. त्यानं स्वतः लाल पेनानं त्याच्याभोवती गोल केला होता. आणि शिवलेली चीर डावीकडे होती, कमरेपासून नऊ इंच, मिरजेच्या दुकानाला चालली असती अशी. क्लिनिकचा फोन ठेवल्यावर हातानं जे केलं ते हजारभर परकरांना केलं होतं तेच केलं. त्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि खुर्चीत बसून मोठ्यानं हसला. ऋचा बघत राहिली. "तू रागवत नाहीयेस?" तिनं विचारलं. मग पाण्याची बाटली घेऊन खोलीकडे जाता जाता म्हणाली, "आई विल बी सो शॉक्ड. यू नेव्हर मेक मिस्टेक."

दुरुस्ती शक्य होती. कापड दीड मीटर उरलं होतं. त्यातून डावी कळी नव्यानं कापता आली असती, मग खालची धुळीची झालर अपुरी पडली असती. किंवा चीर बारीक टाक्यांनी आतून शिवून टाकायची, मागची शिवण नऊ इंच उसवायची, तिथं पट्टी लावायची. तासाभराचं काम. वर स्कर्ट, त्यावर रंगमंचावरचा पिवळा उजेड. खरोखरच कुणाला दिसलं नसतं. त्यानं उसवायची आरी हातात घेतली, मागच्या शिवणीचा पहिला टाका वर उचलला आणि सोडून दिला. कुणी पाहिलं नाही म्हणून शिवून टाकायचं, हे मार्चमध्ये एकदा करून झालं होतं. आरी डब्यात ठेवून त्यानं टिपा घालायला घेतल्या. सात टिपा, प्रत्येक पाव इंच, प्रत्येकीचं माप तीन ठिकाणी. खोलीतून ऋचाच्या क्लासचा आवाज येत होता. मधूनच त्याला जाणवे की आपण गुणगुणतो आहोत, मग तो थांबे, मग पुन्हा सुरू होई. साडेपाचला धुळीची झालर लागली. पाच पन्नासला त्यानं नेफ्यात सेफ्टी पिननं नाडी ओवली, इस्त्री फिरवली आणि ते पांढरं वस्त्र दाराच्या आकड्याला अडकवलं.

अनघा सहा वीसला आली. आठला बुकित तिमाहला मीनलच्या काँडोत तालीम होती. "झाला?" ती दारातूनच म्हणाली, चपला एकीकडे, पर्स एकीकडे. "अरे देवा, केवढा सुंदर! हे टेबलक्लॉथपेक्षा भारी आहे." ती आत जाऊन तो घालून आली, वर ऑफिसचा निळा शर्ट तसाच. डावीकडे नाडीची गाठ मारत ती हॉलमधून चालली, वळली, आणि वळताना झालर अर्धा क्षण मागे राहून मग तिच्यामागे आली. तसंच व्हायला हवं होतं. मग तिचा हात गाठीवर थांबला.

"हे डावीकडे कसं? स्कर्ट मागे उघडतो ना?"

"हो. चुकलं."

"तू?" ती हसली. "प्रबोध चुकला! शेल्फ लावायला दोन तास लेव्हल घेऊन बसणारा माणूस. ऋचाऽ, ऐकलंस का?" मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि हसू आवरलं. "काय झालंय?"

"सकाळी क्लिनिकचा फोन आला. अनफिट. कायमचा."

ती होती तिथं सोफ्यावर बसली. झालर तिच्याभोवती फुगून हळूहळू खाली बसली. "कशात काय निघालं?"

"कशातच नाही. मार्चमध्ये जहाजावर चक्कर येऊन पडलो होतो. एक मिनिट असेल."

"मार्चमध्ये."

"हो."

"आज ऑगस्ट आहे, प्रबोध."

ऋचाच्या खोलीचं दार उघडं होतं, आतला आवाज बंद झाला होता.

"त्यांना कुणी सांगितलं?"

"मी. फॉर्मवर प्रश्न होता."

"म्हणजे तू लिहिलं नसतंस तर?"

"तर मंगळवारी गेलो असतो."

"मला नाही सांगितलंस," अनघा सावकाश म्हणाली, "आणि फॉर्मला सांगितलंस."

त्यानं कुणीच न विचारलेली गोष्ट सांगितली. "मला जायचं नव्हतं. दोन वर्षं झाली, मला जायचंच नाहीये. चक्कर खरी आहे. पण ती आली नसती तरी मला जायचं नव्हतं." हे वाक्य त्यानं मनात अनेक वेळा जुळवलं होतं, त्यात कारणं होती, सहा माणसं होती, वय होतं. बाहेर आलं तेव्हा एवढंच आलं. आणि ते बोलून झाल्यावर सकाळपासून जी सुटका वाटत होती ती थोडी वेगळी झाली. सकाळी ती चोरून आणलेल्या वस्तूसारखी होती. आता टेबलावर होती, सगळ्यांना दिसेल अशी.

अनघानं त्याचं मनगट धरलं. नाडी पाहते आहे की नुसतं धरलं आहे ते कळेना. "पुन्हा आली होती?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही आली."

"बरं." तिनं मनगट सोडलं नाही. "वाचलास. आधी तेवढंच म्हणते. बाकीचं नंतर." थोड्या वेळानं म्हणाली, "आपण सलग किती दिवस एकत्र राहिलोय, सगळ्यात जास्त?"

"साडेपाच महिने. ऋचा झाली तेव्हा."

"मी रविवारी दुपारपर्यंत कुणाशी बोलत नाही. माहितीये तुला?"

"बोलतेस की."

"तू असतोस तेव्हा बोलते. पाहुण्यांशी बोलतात तशी." ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात भांडण नव्हतं. "मला जमेल का, मला माहीत नाही. जमेलही. मला कुणी विचारलंच नाही, ना तू, ना फॉर्मनं." आतून ऋचा म्हणाली, "आय कॅन हिअर यू गाइज, यू नो." "ऐक मग," अनघा म्हणाली. "बाबा आता घरी आहे." आत खुर्ची सरकली. मग, "लाइक, फॉर गुड? ओके. देन ही कॅन फिक्स माय टेबल."

प्रबोधला पुन्हा हसू आलं. अनघालाही आलं, पण तिनं ते वेळेवर थांबवलं. ती उठली, घड्याळ पाहिलं. सात पाच. "अपील असतं का यात?"

"चौदा दिवस."

"तू करणार नाहीस."

"नाही. तू म्हणालीस तर..."

"मी काही म्हणत नाहीये. करू नको असंही नाही आणि कर असंही नाही. चौदा दिवस आहेत ना?"

"आहेत." मग तो तिच्या कमरेकडे बघत म्हणाला, "दे तो. तासाभरात चीर मागे करून देतो. नाहीतर घोळ एका बाजूला ओढला जाईल."

"राहू दे. इथं माझा हात पोचतो. मागे असती तर दोन अंकांच्या मध्ये मीनलला बांधायला बोलवावं लागलं असतं." ती आत जाऊन बदलून आली, पेटिकोटची घडी घालायला लागली, घडी होईना. प्रबोधनं तो तिच्या हातातून घेऊन टिपांवरून गुंडाळला, झालर आत, आणि पिशवीत ठेवला. दारात चपला घालताना ती म्हणाली, "जेवून घ्या. भात आहे, आमटी गरम करा." लिफ्टचा आवाज आला. त्यानं आणि ऋचानं जेवून घेतलं. ऋचानं तिच्या टेबलाचा हलणारा पाय दाखवला, त्यानं स्क्रू आवळला.

साडेसातला क्लिनिकचा मेल आला. फोनवर सांगितलं होतं तेच त्यात होतं. अपिलाची मुदत अठ्ठावीस ऑगस्ट, संध्याकाळी पाचपर्यंत, असं ठळक अक्षरांत होतं. त्यानं त्याचा स्क्रीनशॉट मेसेजमध्ये अनघाला पाठवला, वर काहीही न लिहिता. आठ वाजून बारा मिनिटांनी तिचा मेसेज आला. चालताना बरोबर होतंय, मीनल खूश आहे. बसताना झालर समोरून वर उचलतेय, साधारण दोन इंच. अपिलाबद्दल त्यात काही नव्हतं. मेल तिनं वाचल्याची निळी खूण आली होती.